नवे सेल घालूनही जुना कॅमेरा बंद पडतो?
दोन एए सेलवर चालणारा जुना डिजिटल कॅमेरा फ्लॅश मारला की लगेच मान टाकायचा. कॅमेरा धडधाकट होता, दोष सेलचा. साध्या अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध (आतूनच विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) जास्त, त्यामुळे फ्लॅश चार्ज होताना व्होल्टेज कोसळतं. २००० एमएएच क्षमतेचे निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल सेल घातले आणि काम झालं. कागदावर ते अल्कलाइनच्या १.५ ऐवजी १.२ व्होल्टचेच, पण भार आला तरी तग धरतात.

त्याआधी कप्प्यातली स्प्रिंग बघा. पांढरट-हिरवी पूड दिसली तर सेल गळलाय. कानाच्या काडीवर व्हिनेगरचा एकच थेंब घेऊन घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नीट वाळू द्या. ओतायचं नाही, आत सर्किट आहे!

मेमरी कार्ड २ जीबीपर्यंतचं साधं एसडीच घ्या. २००६ आधीचे कॅमेरे एसडीएचसी (२ जीबीपेक्षा मोठी, नंतर आलेली एसडी कार्डं) सहसा ओळखत नाहीत.