बोअरच्या पाण्याचा कठीणपणा : एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जाणारा बीएस्सी प्रोजेक्ट

लातूर-नांदेडकडच्या गावांत तूर शिजायला वेळ लागतो, हंड्याच्या तळाला पांढरी खपली धरते, साबणाला फेस येत नाही. हाच कठीणपणा, म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. रसायनशास्त्राच्या पदवी प्रोजेक्टला याहून जवळचा विषय सापडायचा नाही. पण एकाच वर्षी दहा बोअर तपासून फाईल जमा केली, तर हाती फक्त दहा आकडे येतात. तेच बोअर दरवर्षी, त्याच पद्धतीने तपासले तर पाणी बदलतंय का हे कळतं. म्हणून आखणी पहिल्याच वर्षी पुढच्या बॅचचा विचार करून करा.

बोअर आठ-दहाच निवडा, पण कायम चालणारे. प्रत्येकाला क्रमांक द्या. गट नंबर, खोली किती फूट आणि मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश रजिस्टरात लिहा. नमुने वर्षातून दोनदा घ्या : दिवाळीच्या आसपास आणि एप्रिल अखेरीस. पंप दहा मिनिटं चालू द्या, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी निघून जातं. प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत द्रावण मोजून सोडण्याची चाचणी, उरका. बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ दिसला तर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसलंय, आकडा कमी येणार. तो नमुना टाकून नवा आणा.

टायट्रेशनला ईडीटीए लागतं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं रसायन. त्याच्या डायसोडियम क्षाराचे ३.७२ ग्रॅम आणि मॅग्नेशियम क्लोराईडचे ०.१ ग्रॅम मिळून १ लिटर द्रावण करा. मॅग्नेशियम नसेल तर नुसत्या कॅल्शियमवर शेवटचा रंग स्पष्ट उठत नाही. द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा. बफरसाठी, म्हणजे पीएच १० च्या आसपास धरून ठेवणाऱ्या द्रावणासाठी, ६७.५ ग्रॅम अमोनियम क्लोराईड ५७० मिली तीव्र अमोनियात विरघळवून १ लिटर करा. एप्रिलच्या उन्हात अमोनियाच्या बाटलीत दाब साचतो, ती गार पाण्यात ठेवून मगच फ्युमहूडमध्ये (वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात) उघडा. झाकण सैल राहिलं की अमोनिया उडतो, पीएच १० च्या खाली येतो आणि रंग मधेच रेंगाळतो. शेवट रंगाने दाखवणाऱ्या एरिओक्रोम ब्लॅक टीचं द्रावण लवकर बिघडतं. ०.५ ग्रॅम पूड १०० ग्रॅम मिठात, म्हणजे शुद्ध सोडियम क्लोराईडमध्ये, खलून ठेवा.

आता प्रमाणीकरण, म्हणजे ईडीटीएची नेमकी ताकद मोजणं. इथेच बहुतेक प्रोजेक्ट घसरतात. ११० अंशांवर दोन तास वाळवलेलं १.००० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट १:१ हायड्रोक्लोरिक आम्लात थेंब-थेंब विरघळवा, पाणी घालून उकळा म्हणजे कार्बन डायऑक्साइड निघून जाईल, मेथिल रेडचा रंग बघत अमोनियाने आम्ल जवळजवळ मारून १ लिटर करा. आता १ मिली म्हणजे १ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट. २० मिली घेतल्यावर ईडीटीए २१.० मिली लागलं, तर फॅक्टर, म्हणजे १ मिली ईडीटीएला किती मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट, २०/२१ = ०.९५२.

नमुना २५ मिली, वर डिस्टिल्ड पाणी २५ मिली, बफर २ मिली, चिमूटभर एरिओक्रोमची पूड. रंग द्राक्षाच्या रसासारखा लाल येतो. ईडीटीए सोडत जा. आधी जांभळट होईल, तेव्हा हात आवरा आणि शेवटचे थेंब दोन-तीन सेकंदांच्या अंतराने पाडा. लालसर झाक पूर्ण जाऊन निळा झाला की थांबा. बफर घातल्यापासून पाच मिनिटांत उरका, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट बसू लागतं. सलग तीन वाचनं ०.१ मिलीच्या आत जुळली पाहिजेत.

१४.३ मिली लागलं तर १४.३ × ०.९५२ × १००० / २५ = ५४५ मिग्रॅ प्रतिलिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. फॅक्टर विसरलात तर ५७२ येईल, आणि तो २७ चा फरक पुढची बॅच पाण्यातला बदल समजेल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) २०० ही स्वीकार्य मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं.

म्हणून जुनी बॅच जाण्याआधी एक दिवस नव्यांसोबत बसवा. एकच नमुना, एकच ईडीटीए, दोघांचं वेगवेगळं टायट्रेशन. फरक ०.२ मिलीपेक्षा जास्त आला तर डोळे निळा रंग वेगळा ओळखतायत, तो तिथेच जुळवून घ्या. रजिस्टरात नुसतं उत्तर नको. ब्युरेटची वाचनं, त्या दिवशीचा फॅक्टर, केमिकलचा लॉट नंबर, सगळं शाईत.

आणि दुष्काळात एखादा बोअर आटला तर शेजारच्या बोअरचं पाणी त्याच क्रमांकावर कधीच लावू नका. रकान्यात ‘कोरडा’ लिहा, शेजारच्याला नवा क्रमांक द्या.