‘अमुक कोटींची मदत’ ही बातमी वहीत कशी उतरवायची

आमच्या धाकट्या भाऊजींनी परवा पुन्हा तोच मेसेज पाठवला. 1965 च्या युद्धात निजामाने देशाला पाच टन सोनं दान केलं, आणि आजचे कुबेर बघा! खाली हात जोडलेले तीन. मी 31 वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात हिशेबखात्यात काढली, शेवटची काही वर्षं सीएसआरच्या, म्हणजे कंपनीने कायद्याने समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या, नोंदी माझ्याकडेच होत्या. ‘दान’ शब्द दिसला की अजूनही हात आपोआप पावती मागायला पुढे होतो. भाऊजींशी दर वेळी फोनवर हुज्जत घालण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

दोनशेपानी वही घ्या, आडवी धरा आणि चार रकाने पाडा. पैसा कोणाचा, गेला कुठे, परत काय मिळणार, शेवटी झालं काय. बातमीतला आकडा पेन्सिलीनेच लिहायचा. पेनाची वेळ नंतर येते.

सरावाला निजामच घेऊ. सोनं पाच टन नव्हतं, 425 किलो होतं, आणि ते राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोख्यांत गुंतवलेलं होतं. माहितीच्या अधिकारात कुणीतरी विचारलं तेव्हा हे उत्तर मिळालं. रोखे म्हणजे सरकारने घेतलेलं कर्ज. तेव्हा तिसऱ्या रकान्यात लिहा: मुद्दल आणि व्याज. आमच्या आजेसासूबाईंनी 1962 साली, चीनच्या युद्धात, संरक्षण निधीला एक पाटली दिली होती. तिची पावती आमच्या देव्हाऱ्याखालच्या डब्यात आहे. घड्यांवर फाटून चार तुकडे झालेत, सहीची शाई तपकिरी पडलीय. तिथे तिसरा रकाना कोरा. म्हणून निजामाला नावं ठेवायला नकोत, अडल्या वेळी कर्ज देणं हीसुद्धा मदतच असते. फक्त पाटली आणि रोखे एका ओळीत लिहू नका.

आता पहिला रकाना. सगळी गफलत इथेच होते, म्हणून सावकाश.

फोटो मालकाचा असतो, पैसा बहुधा कंपनीचा. 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 सांगतं की नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांपैकी एका तरी खुणेला जी कंपनी पोचते तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चायचे. म्हणजे तो पैसा तसाही बाहेर जायचाच होता. करोना आला तेव्हा, 28 मार्च 2020 ला, कंपनी व्यवहार मंत्रालयाने कळवलं की पीएम केअर्स या पंतप्रधानांच्या नव्या निधीला दिलेली रक्कम सीएसआरमध्ये धरू. 10 एप्रिलला खुलासा आला की मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेली धरणार नाही. त्याच आठवड्यात, घरच्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून, मी मावळातल्या दोन शाळांची स्वच्छतागृहं आमच्या यादीतून काढली आणि ती रक्कम पीएम केअर्सकडे वळती केली. पेपरात कंपनीचं नाव आलं. स्वच्छतागृहांचं नाव कुठे येणार? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हे, आणि तुळशीपत्र ठेवणारा हात माझाच होता.

मग खरी जादा मदत ओळखायची कशी? कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकाच्या तळाशी ‘नेहमीच्या सीएसआर खर्चाव्यतिरिक्त’ अशा अर्थाचं वाक्य शोधा. 1 एप्रिल 2020 ला अझीम प्रेमजी फाउंडेशनचे 1000 कोटी, विप्रोचे 100 आणि विप्रो एंटरप्रायझेसचे 25, असे 1125 कोटी जाहीर झाले, तेव्हा हे वाक्य स्पष्ट होतं. ज्या पत्रकात ते नसतं, तिथे मी पहिल्या रकान्यात ‘भागधारक?’ असं लिहून ठेवते.

दाता स्वतःच्या खिशातून देत असेल तरी एक वजाबाकी उरते. पूर्ण वजावट मिळणाऱ्या निधीला 1961 च्या आयकर कायद्यातल्या 80जी कलमाखाली पैसे दिले, तर तेवढ्या उत्पन्नावरचा कर वाचायचा. 2020 साली पाच कोटींच्या वर उत्पन्न असणाऱ्याचा वरचा दर, अधिभार-उपकरासकट, 42 टक्क्यांच्या पुढे होता. म्हणजे जुन्या करप्रणालीत त्याने 100 रुपये दिले, तर त्यातले 42 सरकारला एरवी कर म्हणून मिळालेच असते. दात्याच्या नावापुढे 58 लिहा. भाऊजींना हे फार झोंबलं.

दुसऱ्या रकान्यात फार वेळ घालवू नका, निधीचं पूर्ण नाव लिहिलं की पुरे. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी 1948 चा, पीएम केअर्स मार्च 2020 चा. पीएम केअर्सचा हिशेब कॅग, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारे महालेखापरीक्षक, तपासत नाहीत, सनदी लेखापाल तपासतात, एवढी टीप शेजारी असू द्या. पैशांऐवजी वस्तू असेल तर तसं लिहा. 28 मार्च 2020 ला टाटा ट्रस्ट्सने 500 कोटी आणि टाटा सन्सने 1000 कोटी जाहीर केले, त्यात संरक्षक पोशाख, श्वसनयंत्रणा, चाचणी संच अशा गोष्टी होत्या. मला सर्वांत आवडलेली नोंद आमच्या शेजारची, हिंजवडीची. मे 2020 मध्ये विप्रोने आपल्या तिथल्या आवारात 450 खाटांचं रुग्णालय उभं करून राज्याला वापरायला द्यायचा करार केला. मुदत एक वर्ष, नंतर जागा परत. किती कोटी, ही चर्चाच नको. सरकारला तेव्हा नोटांपेक्षा छप्पर, वीज आणि ऑक्सिजनची नळी लवकर हवी होती.

उलट बाजूही पाहिलीय. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. ओसरल्यावर आमचा ट्रक निघाला, त्यात साड्या आणि चादरी, आणि ट्रकच्या एका बाजूला मावणार नाही एवढा फलक. गल्लीत गुडघाभर चिखल. एक बाई गठ्ठ्याकडे न बघताच म्हणाली, “ताई, साड्या राहू द्या, खराटे आणलेत का?” खराटे नव्हते. फावडी, गमबूट, फिनेल, पंप, काहीच नव्हतं. तेव्हापासून दुसऱ्या रकान्याच्या कोपऱ्यात मी ‘मागितलं होतं का?’ हेही लिहिते.

इथवर वाचून भाऊजींनी विचारलंच, “वहिनी, मग श्रीमंतांनी द्यावं की नाही, एकदा सांगून टाका.” द्यावं, आणि भरपूर द्यावं. पण तुमची फेब्रुवारीची पगारपावती काढा. व्यवसाय कर 300, बाकीचे महिने 200, वर्षाचे 2500. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माणसांना रोजगार हमी मिळावी म्हणून 1975 साली महाराष्ट्राने हा कर बसवला. यात 2500 च्या वर जाता येत नाही, राज्यघटनेचीच मर्यादा आहे. तुम्ही तेवढेच भरता आणि मलबार हिलवरचा माणूसही तेवढेच. ते सुधारायचं काम दुष्काळ नसताना करायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच कुणाला त्याची आठवण होत नाही. संकटात उघडलेली थैली मला त्यानंतर मोजायची आहे.

राहिला चौथा रकाना. बातमी आली त्याच दिवशी कालनिर्णयवर सहा महिन्यांनंतरच्या तारखेला गोल करा. त्या दिवशी कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा, सीएसआरचं परिशिष्ट शेवटाकडे असतं, त्यात खर्च झालेली रक्कम बघा. जुळली तर पेन्सिलीवरून पेन फिरवा. नाही जुळली तर गोल पुढच्या पानावर न्या.

माझ्या वहीत 2020 च्या सात ओळी आहेत. त्यांतल्या तीन अजून पेन्सिलीतच आहेत.