सर्जरीला हात बसेल का, हे आधीच कसं तपासायचं

इंटर्नशिपमध्ये चार वेळा रिट्रॅक्टर (ऑपरेशनची जखम उघडी धरायचं हत्यार) धरून झाला की पोरं हळूच विचारतात, सर माझा हात सर्जरीचा आहे का. नीट पीजीत (एमडी-एमएसच्या सीटसाठीची परीक्षा) तर सगळे एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायचे प्रश्न, हात कोणीच बघत नाही, त्यामुळे कळायचं ते सीट घेतल्यावरच. म्हणून मी इंटर्न लोकांना आधी दोन आठवडे हे करायला लावतो.

एक आधीच सांगतो, छिद्रात पिना बसवायची पर्ड्यू पेगबोर्ड टेस्ट ऑनलाइन मिळते, पण ती १९४८ ची, कारखान्यातले कामगार निवडायला बनवलेली. बोटं किती चपळ आहेत ते कळेल, पण टिश्यूवर (शरीराच्या ऊतींवर) जोर किती लावता ते अजिबात नाही.

तर सुरुवात गाठीने करा. काड्यापेटीची रिकामी पेटी घ्या, त्याला तारेचा हुक लावा आणि सिल्कच्या धाग्याने हुकावर एका हाताने गाठी मारा. पेटी हलली किंवा उचलली गेली तर तो फॉल्ट. घड्याळ नंतर लावा, आधी फॉल्ट मोजा. आणि गाठ स्क्वेअर (दोन फेरे उलटसुलट दिशेने) पडतेय की ग्रॅनी (दोन्ही एकाच दिशेने) तेही बघा, कारण फास्ट गाठी मारणाऱ्या निम्म्या पोरांची ग्रॅनीच असते आणि ती सरकते.

मग केळ्याची साल. उभी चीर द्या आणि पाच टाके घ्या. सुईच्या टोकापासून दोन तृतीयांशावर पकडा आणि मनगट फिरवून सुई तिच्या वळणाप्रमाणे काढा, सरळ ढकलली की साल फाटते, लपवता येत नाही. प्रत्येक टाक्याला सुई किती वेळा परत पकडली ते मोजा.

आता मेन गोष्ट, लॅप बॉक्स, म्हणजे छोट्या छिद्रांतून करायच्या दुर्बिणीच्या (लॅपरोस्कोपिक) सर्जरीचा सराव करायचा खोका. पुठ्ठ्याचा खोका, वरून मोबाईल ठेवून कॅमेरा आत, डिपार्टमेंटमधून मोडीत निघालेले दोन ग्रास्पर (लांब दांड्याचे चिमटे) मागून घ्या, पाटीवर १२ खिळे आणि नळाचे ६ रबरी वॉशर. अमेरिकेत सर्जनच्या सर्टिफिकेशनसाठी जी एफएलएस (दुर्बिणीच्या सर्जरीच्या मूलभूत कौशल्यांची) परीक्षा लागते तिच्यातल्या पेग ट्रान्सफरची ही गावठी कॉपी: कमजोर हाताने वॉशर उचला, हवेतच दुसऱ्या हातात द्या, पलीकडच्या खिळ्यावर ठेवा, सहाही झाले की उलटं परत आणा. तिकडे याला जास्तीत जास्त ३०० सेकंद असतात, सरावाचं टार्गेट ४८ सेकंदांचं. पहिल्या दिवशी ४८ च्या जवळपासही जाणार नाही, घाबरू नका, हँडल डावीकडे नेलं की टोक उजवीकडे जातं, डोक्याला ते पचायलाच वेळ लागतो.

व्हिडिओ करा आणि दुसऱ्या दिवशी शांत बसून बघा. वेळेपेक्षा मला यात फुकटच्या हालचाली बघायच्या असतात, म्हणजे टोक वॉशरच्या जवळ नेऊन परत मागे येणं, हवेतच घुटमळणं, आणि उजवा काम करत असताना डावा हात फ्रेमच्या बाहेर गेलाय का (बहुतेकांचा गेलेला असतो). लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात तर हाताला सेन्सर लावून हालचालींची संख्या आणि हात एकूण किती अंतर फिरला हे मोजायचे, आपल्याकडे ते नाही म्हणून डोळ्याने मोजायचं.

मार्क देणारा मित्र नको. ग्लोव्हज घालून फक्त हात दिसतील असे व्हिडिओ दोन सिनियर रेसिडेंटना द्या, नाव न सांगता. सर्जरीचं कौशल्य मोजायला टोरोंटोची ओसॅट्स म्हणून स्केल आहे, सात मुद्दे, प्रत्येकी पाच मार्क. त्यातले टिश्यूचा मान ठेवणं, वेळ आणि हालचाल, इन्स्ट्रुमेंट हाताळणं एवढे तीन घरी पुरतात.

हे सगळं पहिल्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी त्याच वेळी करा, मधे रोज २० मिनिटं प्रॅक्टिस. नाईट ड्युटीवरून येऊन किंवा चार चहा पिऊन टेस्ट देऊ नका, हात थरथरणारच. पहिल्या दिवसाच्या आकड्याला मी फारसं विचारत नाही, चौदाव्या दिवशी फॉल्ट किती कमी झाले ते बघतो. सुश्रुतानेही भोपळा, काकडी, कलिंगडावर चिरायला लावलं ते सरावासाठीच, पोरं गाळायला नाही. चौदा दिवसांनी फॉल्ट तेवढेच असतील तरी लगेच सर्जरी सोडू नका, आधी कोणाला तरी शेजारी बसवून पकड तपासून घ्या, बऱ्याचदा गडबड तिथेच असते.

आणि डावखुरे असाल तर साधा नीडल होल्डर (टाके घालताना सुई पकडायचा चिमटा) डाव्या हातात घेऊन स्वतःला नापास करू नका, त्याचं लॉक उजव्या हातासाठी बनवलेलं असतं, डाव्याने उघडताना अंगठा उलटा ओढावा लागतो. डावखुऱ्यांचा वेगळा मिळतो, तो मागवा आणि मगच टेस्ट चालू करा.