इथला घटस्फोट तिकडे टिकवायचा असेल तर

गेल्या महिन्यात रात्री अकराला इंग्लंडमधल्याच स्लाऊहून एका मुलीचा फोन आला. मूळची नांदेडची, लग्नाला दोन वर्षं झालेली, इथे येऊन चौदा महिने. नवरा भांडून नागपूरला निघून गेला होता आणि फोन उचलत नव्हता. "ताई, घटस्फोटाचा अर्ज ऑनलाइन भरून झालाय, फक्त कार्डाने पैसे भरायचे राहिलेत. भरू ना?" मी म्हटलं, "लॅपटॉप बंद कर आणि उद्या माझ्याकडे जेवायला ये."

तिला जेवताना जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. हा प्रश्न घेऊन येणारी ती सातवी की आठवी, आणि प्रत्येकीला (दोघे मुलगेही होते) वाटत असतं की इंग्लंडच्या कोर्टाचा कागद हातात आला की विषय संपला. मलाही तसंच वाटलं होतं. मी वकील नाही, पण या एका कागदापायी माझी साडेतीन वर्षं आणि कोथरूडच्या फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा गेला. ज्यांचं लग्न भारतात, हिंदू विवाह कायद्याखाली झालं आहे आणि संसार इंग्लंड किंवा वेल्समध्ये मोडतो आहे, त्यांच्यासाठी हे आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा.

इथे घटस्फोट मिळणं फार सोपं झालंय. ६ एप्रिल २०२२ पासून कोणाची चूक दाखवावी लागत नाही. "आमचं लग्न सावरण्यापलीकडे मोडलं आहे" एवढं निवेदन पुरतं. लग्नाला एक वर्ष झालेलं हवं, राहण्याच्या अटीत बसायला हवं, सध्या ६१२ पौंड फी. अर्ज दाखल झाल्यापासून २० आठवड्यांनी कंडिशनल ऑर्डर (घटस्फोट द्यायला हरकत नाही, असा पहिला हुकूम) मागता येते, त्यानंतर ६ आठवड्यांनी लग्न संपवणारी फायनल ऑर्डर. कोर्टात उभं राहावं लागत नाही, कोणी उलटतपासणी घेत नाही, कारकूनसुद्धा ईमेलवर अदबीने बोलतात. मोडलेल्या माणसाला हा देश या बाबतीत खरंच सन्मानाने वागवतो, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण या सोपेपणातच आपली माणसं फसतात.

कारण हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये "लग्न सावरण्यापलीकडे मोडलं" हे कारणच नाही. तिथे क्रूरता आहे, दोन वर्षं सोडून जाणं आहे, व्यभिचार आहे, आणि कलम १३-ब खाली परस्पर संमती आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं की मोडलेल्या लग्नातून सोडवण्यासाठी ते स्वतः घटनेच्या कलम १४२ चा अधिकार वापरू शकतं. तो अधिकार त्यांचा. पुण्याच्या किंवा नांदेडच्या न्यायाधीशांना तो नाही.

परदेशी निकाल भारतात कधी मानायचा नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये आहे. कोर्टाला अधिकार नसेल, निकाल गुणदोषांवर नसेल, भारतीय कायदा लागू असून तो डावलला असेल, समोरच्याला म्हणणं मांडायची संधी मिळाली नसेल, फसवणूक असेल, किंवा भारतातल्या कायद्याचा भंग करणाऱ्या दाव्यावर निकाल उभा असेल, तर तो बांधून ठेवत नाही. हे कलम लग्नाला कसं लावायचं ते १९९१ च्या वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या निकालात ठरलं. लग्न १९७५ साली तिरुपतीला, नवऱ्याने घटस्फोट मिळवला अमेरिकेत मिसुरीच्या कोर्टातून, कारण तेच, लग्न मोडलंय. मग त्याने दुसरं लग्न केलं आणि पहिल्या बायकोने द्विभार्येची फिर्याद लावली. सर्वोच्च न्यायालयाने मिसुरीचा निकाल मानला नाही.

त्याच निकालात न्यायालयाने नियम घालून दिला. लग्न ज्या कायद्याखाली झालं, त्या कायद्याने अधिकार दिलेल्या कोर्टाने, त्याच कायद्यातल्या कारणावर घटस्फोट दिला असेल तर तो मानायचा. याला अपवाद तीन. प्रतिवादी त्या देशाचा अधिवासी (तिथेच कायमचं घर मानलेला) किंवा तिथे नेहमीचा आणि कायमचा राहणारा असेल आणि कारण आपल्या कायद्यातलं असेल. किंवा प्रतिवादीने आपखुशीने तिथे हजर होऊन आपल्याच कायद्यातल्या कारणावर दावा लढवला असेल. किंवा प्रतिवादीने घटस्फोटाला संमती दिली असेल. आपल्यासारख्यांना खरा उपयोगी पडतो तो हा तिसरा, आणि तिथेच मी घसरले.

२०१३ मध्ये मी अर्ज केला तेव्हा जुना कायदा होता. नवरा आधीच पुण्याला परतला होता. कागद पोस्टाने त्याच्या पत्त्यावर गेले, पोचल्याची नोंद आली, त्याने पोचपावतीचा फॉर्म भरून पाठवलाच नाही. इथल्या कोर्टाने कागद बजावले गेले असं मानलं आणि २०१४ च्या मार्चमध्ये डिक्री अॅब्सोल्यूट, म्हणजे घटस्फोटाचा तेव्हाचा अंतिम हुकूम, हातात पडली. तो गप्प बसला म्हणजे त्याला मान्य आहे, असं मी धरून चालले. लहानपणापासून ऐकलेलं ना, मौनं संमतिलक्षणम्.

२०१६ मध्ये दुसऱ्या लग्नाचं ठरलं, साताऱ्याला करायचं होतं, म्हणून आधी पुण्यात वकिलांकडे गेले. शिवाजीनगरला तिसऱ्या मजल्यावर छोटी खोली, पंखा घरघरत होता. त्यांनी माझी डिक्री प्लास्टिकच्या फोल्डरमधून काढली, लाल शिक्का बोटाने चाचपला, पान उलटून मागची कोरी बाजू बघितली, पुन्हा सुलटं केलं. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "ताई, समोरच्याची सही कुठंय?"

मी सांगितलं की तो आलाच नाही, उत्तरच दिलं नाही. ते म्हणाले, "मग हा एकतर्फी निकाल. इकडे तुम्ही अजून त्यांच्या पत्नी आहात असं ते उद्या म्हणू शकतात."

आणि तो तसंच म्हणाला. आमच्या नोटिशीला त्याच्या वकिलाचं उत्तर आलं ते असं: त्यांच्या अशिलाने इंग्लंडच्या कोर्टाचा अधिकार कधीच मान्य केला नव्हता, शिवाय परदेशी कोर्टाचे कागद थेट पोस्टाने बजावण्याला भारताचा आक्षेप आहे, तेव्हा बजावणीच झालेली नाही. दुसरा मुद्दा ऐकून मी चाट पडले, पण तो खरा आहे. कोर्टाचे कागद दुसऱ्या देशात बजावण्याबाबतच्या हेग सर्व्हिस कन्व्हेन्शन या आंतरराष्ट्रीय करारात सामील होतानाच भारताने पोस्टाने बजावणीला विरोध नोंदवला आहे. कागद ठरलेल्या सरकारी मार्गानेच जावे लागतात, आणि त्याला महिने लागतात.

घटस्फोट मान्य करून घेण्याचा दावा लावला असता तर तो लढवणार होता, आणि जिंकण्याची शक्यता त्याचीच जास्त. शेवटी वाटाघाटी झाल्या. सहीच्या बदल्यात त्याने फ्लॅट मागितला. हप्ते मी भरले होते, इथे रात्रपाळ्या करून. २०१९ मध्ये आम्ही पुण्यात नव्याने १३-ब खाली अर्ज केला, त्याने सही केली, मी बक्षीसपत्र केलं. २०१४ मध्ये तोच माणूस माझे फोन उचलत होता. तेव्हा दोन पानांचं शपथपत्र मागितलं असतं तर चहा पिता पिता त्याने सही केली असती, कारण तेव्हा त्यालाही सुटायचं होतं.

म्हणून पुन्हा सांगते, आणि भेटेल त्याला सांगत राहणार: समोरच्याचं गप्प राहणं भारतातल्या कोर्टात संमती धरली जात नाही. त्याची किंवा तिची सही घ्या. बोलणं चालू आहे तोवर घ्या. वकील नेमले गेले, सासरे-मेहुणे मध्ये पडले, की त्या सहीला भाव येतो.

आता करायचं काय. दोघांनाही सुटायचं असेल, तर माझ्या मते सगळ्यात भक्कम रस्ता म्हणजे सरळ भारतात १३-ब. वर्षभर वेगळं राहिलेलं हवं. अर्ज कुठे करायचा तर जिथे लग्न लागलं तिथे, जिथे शेवटचे एकत्र राहिलात तिथे, किंवा हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मधल्या इतर ठिकाणी. पहिल्या आणि दुसऱ्या तारखेमधली सहा महिन्यांची थांबण्याची मुदत सक्तीची नाही, हे २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून ठरलेलं आहे. दीड वर्षाहून अधिक वेगळे राहत असाल आणि पोटगी, मुलं, सामान सगळं मिटलं असेल तर वकिलांना ही मुदत माफ करण्याचा अर्ज करायला सांगा. त्याच निकालात व्हिडिओ कॉन्फरन्सची आणि जवळच्या नातेवाइकामार्फत हजर राहण्याची मुभाही आहे, ती देणं न्यायाधीशांच्या हातात.

असा भारतीय कोर्टाचा घटस्फोट इथे चालतो का? चालतो. इथल्या फॅमिली लॉ अॅक्ट १९८६ प्रमाणे, तो भारतात कायदेशीर असेल आणि तुमच्यापैकी एक जण भारताचा नागरिक, तिथला रहिवासी किंवा तिथला अधिवासी असेल, तर मान्यतेसाठी इथे वेगळं कोर्ट चढावं लागत नाही. इथली मिळकत, पेन्शन यांचा हिशोब राहिला असेल तर इथल्याच १९८४ च्या मॅट्रिमोनियल अँड फॅमिली प्रोसीडिंग्ज अॅक्टखाली, कोर्टाची परवानगी काढून, परदेशी घटस्फोटानंतरही इथे मागणी करता येते. पण तुम्ही दुसरं लग्न केलंत की तो दरवाजा बंद. बोहल्यावर चढण्याआधी हे मिटवा.

इथेच घटस्फोट घ्यायचा असेल तर एकट्याने अर्ज करू नका. २०२२ पासून दोघांना मिळून एकच अर्ज करता येतो, तो करा. त्याच्या जोडीला दोघांचं शपथपत्र इथल्या नोटरीसमोर करून घ्या: लग्न कधी, कुठे, कोणत्या कायद्याखाली झालं, कधीपासून वेगळे राहतोय, दोघे इथेच राहतोय, कोणाच्या दबावाशिवाय संमती देतोय आणि या कोर्टाचा अधिकार मानतोय. थोडक्यात, १३-ब मध्ये जे लागतं ते सगळं कागदावर यायला हवं. फायनल ऑर्डरची कोर्टाच्या शिक्क्याची प्रमाणित प्रत काढा, त्यावर आणि शपथपत्रावर इथल्या परराष्ट्र खात्याच्या लीगलायझेशन ऑफिसचं अॅपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लावलेलं खरेपणाचं प्रमाणपत्र) घ्या. दोन-तीन संच करा.

मग तो कागद भारतात पक्का करून घ्या. भारताच्या फॅमिली कोर्ट्स अॅक्ट १९८४ च्या कलम ७ खाली, आपली वैवाहिक स्थिती काय आहे हे जाहीर करून मागण्याचा दावा कुटुंब न्यायालयात करता येतो. कायद्याने प्रत्येकाला तो करावाच लागतो असं नाही. पण दुसरं लग्न, फ्लॅटची विक्री, वारसाहक्क, पासपोर्टवरचं जोडीदाराचं नाव, यातलं काहीही पुढे असेल तर टाळू नका. समोरचा संमतीने हजर राहिला तर काम सरळ होतं.

भावाला किंवा आईवडिलांना कुलमुखत्यारपत्र देणार असाल तर एक गोष्ट. इथे केलेल्या कुलमुखत्यारपत्रावर, ते महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत, तिथे मुद्रांक शुल्क भरावं लागतं. माझं बाबांच्या कपाटात पाच महिने पडून राहिलं आणि ते सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

व्हॉट्सअॅपवरच्या जाणकारांबद्दल बोलायलाच हवं. "यूके रेसिप्रोकेटिंग टेरिटरी आहे, अमेरिकेचं चालत नाही, आपलं चालतं" हे वाक्य मी मंडळाच्या प्रत्येक गणपतीत ऐकते. रेसिप्रोकेटिंग टेरिटरी म्हणजे ज्या देशाच्या कोर्टांचे हुकूमनामे भारतात थेट वसूल करता येतात तो देश, पण ते दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४४-अ पैशांच्या हुकूमनाम्यांच्या वसुलीचं आहे. घटस्फोटाशी त्याचा संबंध नाही, आणि तिथेही कलम १३ ची चाळणी आहेच. दुसरं वाक्य, "तिकडे कोण विचारतंय!" विचारतो तो समोरचा, तुमचं दुसरं लग्न ठरल्यावर. पहिलं लग्न भारतात जिवंत असताना दुसरं केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दुसऱ्या जोडीदारापासून लपवलं तर दहा. आपली माणसं पोळ्या-भाजीचा डबा आणून देतात, विमानतळावर सोडायला येतात, आणि घटस्फोटाचा विषय निघाला की आवाज खाली करून ऐकीव सल्ला देतात. डबा घ्या. सल्ला वकिलाकडून घ्या, एक इथला आणि एक तिकडचा, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं करून द्या. माझ्या इथल्या वकिलाने भारताबद्दल एक शब्द विचारला नव्हता, आणि मीही काढला नव्हता.

डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर अवलंबून, असाल तर घटस्फोटाने व्हिसाही जाऊ शकतो. अर्जाआधी इमिग्रेशनचा वेगळा सल्ला घ्या. मुलं असतील तर त्यांना दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय भारतात घेऊन जाऊ नका. दोघांनीही ब्रिटिश नागरिकत्व घेऊन इथेच कायम राहायचं ठरवलं असेल तर गणित बदलतं, त्याचा सल्ला वेगळा. मारहाण होत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी पोलिसांना ९९९ वर फोन करा.

नांदेडच्या त्या मुलीने पैसे भरले नाहीत. जेवण झाल्यावर आम्ही दोघींनी तिच्या नवऱ्याला मेसेज लिहिला, तीन वेळा खोडून, एकही आरोप न ठेवता: "आपण दोघांनी मिळून नीट संपवूया का? वर्ष झालं की नांदेडला एकत्र अर्ज करू." दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं, "हो. वकील कोण बघायचा?" त्यांना वेगळं होऊन अजून चारच महिने झालेत. तोवर ती सामानाची यादी करते आहे, आणि त्याचं ते उत्तर तिने ईमेलवर पाठवून, छापून, फाइलमध्ये लावून ठेवलं आहे.