सर्व्हर नोंदवणाऱ्या टूलचं वर्णन एजंटसाठी लिहिताना

सर्व्हर यादीत नोंदवणारं टूल एआय एजंटच्या (स्वतःहून टूल वापरून काम करणाऱ्या एआय प्रोग्रॅमच्या) हाती देताना ‘नवीन सर्व्हर जोडतं’ एवढ्या वर्णनावर भागत नाही. आधी हे लिहा: तेच नाव पुन्हा आलं तर काय होतं? जुनी नोंद बदलते, दुसरी तयार होते की एरर येते? टाइमआउट झाला, म्हणजे वेळेत उत्तर आलं नाही, की एजंट बिनदिक्कत तेच टूल पुन्हा कॉल करू शकतो, मग यादीत एकाच मशीनच्या दोन नोंदी. पोर्ट (मशीनवरच्या सेवेचा क्रमांक) म्हणजे १ ते ६५५३५ मधला पूर्णांक, होस्टनेममध्ये (मशीनच्या नेटवर्कवरच्या नावात) पोर्ट चिकटवायचा नाही, हे नमुन्यासकट द्या. एरर मेसेज हेही डॉक्युमेंटेशनच, बरं का! नुसतं ‘अवैध इनपुट’ नको. ‘पोर्ट दिलेला नाही, ८४४३ सारखा आकडा द्या’ असं हवं. पासवर्ड मात्र पॅरामीटरमध्ये (कॉल करताना टूलला द्यायच्या माहितीत) मागूच नका, तो लॉगमध्ये, म्हणजे सिस्टमच्या कामाच्या नोंदींत, तसाच पडून राहू शकतो.