वस्तऱ्याच्या निसण्यावरील डाग काढताना

वस्तऱ्याला धार लावण्याचा नैसर्गिक दगड, म्हणजेच निसणा, डागाळला की घरातील कोणीतरी लिंबू पुढे करते आणि कोणी तारेची घासणी. दोन्ही बाजूला ठेवावीत. लिंबाच्या आम्लाने चुनखडीचा अंश असलेल्या दगडाचा पृष्ठभाग खाल्ला जातो, तर तारेचे बारीक तुकडे दगडात अडकून पुढे त्यांचाच गंज चढतो.

माझा निसणा बेल्जियममधील व्हिएलसाल्म परिसरातल्या फिकट पिवळ्या दगडाचा आहे. त्याला कोटिक्यूल म्हणतात, आणि त्यातील गार्नेट या कठीण खनिजाच्या अतिसूक्ष्म कणांमुळे तो पोलाद कापतो. गौरीजेवणाच्या दिवशी, सदाशिव पेठेतील आमच्या स्वयंपाकघरात, तो ओट्यावर वाळत असताना त्यावर हळद कालवलेले तेल सांडले. मी घाईने कपड्याच्या साबणाने तो धुतला आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत कुंकवासारखा लाल झाला. हळद आणि चुना यांपासून कुंकू होते ते याच गुणामुळे; क्षाराचा स्पर्श होताच हळदीचा रंग पालटतो. भरपूर साध्या पाण्याने धुतल्यावर तो पुन्हा पिवळा झाला, पण दगडातून गेला मात्र नाही.

अशा डागात तेल आणि रंग या दोन निरनिराळ्या गोष्टी असतात, आणि आधी तेल काढणे महत्त्वाचे असते, कारण नुसता रंग धारेला बाधत नाही, तेल मात्र बाधते. कोरड्या दगडावर पाण्याचे थेंब टाकून पाहावे. स्वच्छ भागावर थेंब पसरतो. तेल मुरलेल्या जागी तो मोत्यासारखा उभा राहतो, आणि पाण्यावर वस्तरा लावताना नेमक्या त्या जागी पाते घसरते.

तेलासाठी लेपाचा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो. शंखजिऱ्याची (टाल्कची) पूड सर्जिकल स्पिरिटमध्ये श्रीखंडाइतकी दाट कालवावी, डागावर अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा, वर प्लास्टिकचा कागद झाकून रात्रभर ठेवावे आणि सकाळी कागद काढून लेप सावलीत पूर्ण वाळू द्यावा. स्पिरिट तेल सैल करते, आणि उडून जाताना ते तेल पुडीत ओढले जाते. शंखजिरे हे खनिजांत सर्वांत मऊ असल्यामुळे दगडावर ओरखडा उठत नाही. मुलतानी मातीत वाळूचे कण असू शकतात, म्हणून ती मी वापरत नाही. जुन्या डागाला हा लेप दोन-तीनदा द्यावा लागतो. हळदीचा रंगही पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र विरघळतो, त्यामुळे लेपाबरोबर तोही बराच उतरतो. स्पिरिट चटकन पेट घेते, तेव्हा हे काम गॅस आणि निरांजनापासून दूर, खिडकी उघडी ठेवूनच करावे.

राहिलेली पिवळी छटा उजेडाने विरते. दगड खिडकीपाशी काही दिवस ठेवावा, पण भर उन्हात तापवू नये, कारण माझ्यासारख्या दगडात पिवळा थर काळ्या पाटीच्या दगडावर चिकटवलेला असतो आणि उष्णतेने तो सांधा सुटू शकतो. उकळत्या पाण्याचा मोह टाळावा तो याच कारणासाठी.

ओला वस्तरा दगडावर विसरल्यास गंजाची तांबडी रेघ उमटते. ब्लीचने ती जात नाही, उलट गडद होऊ शकते. ती वरवरची असेल तर जाड, सपाट काचेवर 400 नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात वापरायचा घासकागद, ओला करून पसरावा, दगडावर पेन्सिलीच्या आडव्या-उभ्या रेघा आखाव्यात आणि सर्व रेघा सारख्या पुसल्या जाईपर्यंत हलक्या हाताने दगड त्यावर फिरवावा. नंतर 800 नंबरचा कागद घ्यावा. फक्त डागाची जागा घासू नये, तेथे खळगा पडतो. कोरडे तर मुळीच घासू नये, कारण अनेक नैसर्गिक दगडांत सिलिका असते आणि तिची धूळ फुफ्फुसांना घातक असते. पिवळा थर काही मिलिमीटरच असतो, म्हणून गंज खोल गेला असेल आणि पाते त्यावर अडखळत नसेल, तर ती रेघ तशीच राहू द्यावी. माझ्या दगडाच्या एका कोपऱ्यात तशी रेघ आहे.

शेवटी दगड नळाच्या पाण्याने धुऊन, सुती फडक्याने टिपून, काठावर उभा करून सावलीत वाळवावा आणि थेंबाची परीक्षा पुन्हा घ्यावी. थेंब सर्वत्र सारखा पसरला, की वस्तरा लावायला हरकत नाही.