नऊ कॅसेट आणि आज्जीचा आवाज

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं. बाबांच्या हँडीकॅमच्या नऊ कॅसेट माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. त्या बघायच्या म्हणूनच मी एडिटिंग शिकले. घरात असं काही पडून असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

आमच्या कॅसेट मिनी डीव्ही प्रकारच्या. अशी कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना पूर्ण चालवावीच लागते. तासाच्या कॅसेटला तास जातो आणि जागा साधारण १३ जीबी लागते. कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायला फायरवायरची केबल लागते. नव्या लॅपटॉपला तिचं पोर्ट नसतं, म्हणून मी ओळखीच्या फोटोग्राफरचा जुना पीसी आठवडाभर मागून आणला. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका. बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या कॅसेटवरही जाते.

सॉफ्टवेअरवर फार दिवस घालवू नका. मी केडेनलाइव्हवर शिकले. ते फुकट आहे आणि प्रॉक्सी, म्हणजे कामापुरती हलकी प्रत, लावली की साध्या लॅपटॉपवरही चालतं. जुन्या फुटेजमध्ये हात हलला की आडव्या रेघा दिसतात, त्या हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस करून काढल्या. मूळ फाइल मात्र तशीच ठेवा. चित्र ४:३ चं असतं, ते पडदाभर ताणू नका, माणसं जाड दिसतात. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू देत.

खरं काम वहीत होतं. सगळं बघायचं आणि वेळेसकट लिहायचं. माझ्या वहीत आहे: ‘कॅसेट ४, १२:४०, आज्जी अंगणात शेवया करते.’

पहिल्या माँटाजमध्ये, म्हणजे छोटे शॉट जोडून केलेल्या तुकड्यात, मी त्या शॉटचे दोन सेकंद घेतले आणि वर गाणं टाकलं. आईनं शेवटपर्यंत बघितलं आणि विचारलं, “आत्यांचा आवाज कुठं गेला?” आई आज्जीला आत्या म्हणते.

मूळ कॅसेट पुन्हा लावली. आज्जी कॅमेऱ्याकडं न बघता बाबांना म्हणते, “ते बंद कर आधी, आणि पाट धर इकडनं.” मग कॅमेरा हलतो, बाबा हसतात, चित्र जमिनीकडं जातं. तो हललेला भाग मी खराब म्हणून कापला होता!

मग सगळं नव्यानं लावलं. आधी रिकामं अंगण, त्यावर आज्जीचा आवाज, आणि दोन सेकंदांनी ती दिसते. याला जे-कट म्हणतात. नवख्यानं इफेक्टच्या आधी हा कट शिकावा. शॉट बोलणं संपेपर्यंत राहू दिला. गाणं फक्त कुणी बोलत नाही तिथं ठेवलं. हे काम हेडफोन लावूनच करा. लॅपटॉपच्या स्पीकरवर मला बाबांचं हसणं ऐकूच आलं नव्हतं.

सगळ्या फाइलींच्या दोन प्रती केल्यात. एक हार्ड डिस्क मिरजेला मावशीकडं असते. कृष्णेचं पाणी गावभागात पुन्हा येणार, हे धरूनच.